भारित गुणांकन

विद्यार्थ्याने एखाद्या अभ्यासक्रमात केलेल्या निरनिराळ्या कामांना (स्वाध्याय, प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा, सत्र परीक्षा, अंतिम लेखी परीक्षा इ.) त्यांच्या ठरविलेल्या महत्त्वानुसार भार देऊन त्यांवरून एकच अंतिम गुणसंख्या किंवा श्रेणी काढण्याच्या पद्धतीस भारित गुणांकन म्हणतात. गणिताच्या दृष्टीने ही भारित सरासरीच होय. प्रत्येक घटकात मिळालेल्या शेकडा गुणांस त्या घटकाच्या भाराने गुणावयाचे, येणाऱ्या गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तीस भारांच्या बेरजेने भागावयाचे, एवढीच कृती तीत आहे. कृती सोपी असली, तरी कोणत्या घटकास किती भार द्यावा, तो कोणी ठरवावा आणि ठरविलेला भार प्रत्यक्षात तितकाच पडतो की नाही, हे प्रश्न गेली सुमारे दोनशे वर्षे शिक्षणक्षेत्रात वादाचे राहिले आहेत. या पद्धतीचा इतिहास हा मुख्यतः या तीन प्रश्नांचा इतिहास आहे.

गणनाची रीत : एका अभ्यासक्रमात स्वाध्यायांस २०, सत्र परीक्षेस ३० व अंतिम परीक्षेस ५० टक्के भार आहे असे समजू. एका विद्यार्थ्यास स्वाध्यायांत ५० पैकी ४१, सत्र परीक्षेत ४५ पैकी २७ आणि अंतिम परीक्षेत १०० पैकी ६४ गुण मिळाले. त्याचे शेकडा गुण अनुक्रमे ८२, ६० व ६४ होतात. भार लावल्यानंतर ते १६·४, १८ व ३२ होतात आणि त्यांची बेरीज ६६·४ येते. याच गुणांची साधी सरासरी काढल्यास ती सुमारे ६८·७ येते, तर मूळ गुण तसेच मिळवून १९५ पैकी १३२ असे धरल्यास ते सुमारे ६७·७ टक्के होतात. काम तेच असून तीन उत्तरे निघतात. कारण दुसऱ्या रीतीत तिन्ही घटकांना समान भार मिळतो आणि तिसऱ्या रीतीत ज्या परीक्षेचे एकूण गुण अधिक, तिला आपोआप अधिक भार मिळतो. भार मुळीच न देणे अशी स्थिती गुणांच्या बेरजेत असू शकत नाही; न ठरविलेला भारही भारच असतो.

याच रीतीने अंतिम परीक्षेत किती गुण आवश्यक आहेत, हेही काढता येते. वरील विद्यार्थ्याचे अंतिम परीक्षेपूर्वी ३४·४ गुण झालेले होते. एकंदर ७० गुण मिळविण्यासाठी त्याला उरलेल्या ५० पैकी ३५·६, म्हणजे अंतिम परीक्षेत ७१·२ टक्के गुण मिळविणे आवश्यक होते.

गुणांचा उदय : यूरोपीय विद्यापीठांत मध्ययुगापासून परीक्षा प्रामुख्याने तोंडी वादविवादाच्या स्वरूपाची असे आणि तिचा निकाल परीक्षकांच्या एकत्रित मतावर अवलंबून राही. त्या मतास संख्येचे रूप नव्हते. त्यामुळे बेरीज व भार यांचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. केंब्रिज विद्यापीठात अठराव्या शतकात गणिताच्या परीक्षेतील उमेदवारांची गुणानुक्रमे यादी प्रसिद्ध होऊ लागली आणि १७५३ पासून या यादीचे ‘रँग्लर’, ‘सीनियर ऑप्टिम’ व ‘ज्युनियर ऑप्टिम’ असे तीन वर्ग करण्यात आले. परीक्षा हळूहळू लेखी होत गेली. प्रत्येक प्रश्नास स्वतंत्र गुण देऊन त्यांची बेरीज करावी, ही सूचना विल्यम फॅरिश (१७५९–१८३७) यांनी १७९२ च्या सुमारास केली, असे मानले जाते. उत्तरास एकदा संख्या मिळाली, की दोन उमेदवारांमधील अंतर मोजता येते आणि वेगवेगळ्या विषयांतील कामगिरी एकत्र मिळविता येते. फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिक बुद्धिमत्तेवरील ग्रंथात या परीक्षेतील गुणांचा उपयोग केला. यादीतील शेवटच्या उमेदवारास ३०० हूनही कमी, शेवटच्या रँग्लरला सुमारे १,५०० आणि एका वर्षी पहिल्या रँग्लरला ७,५०० हून अधिक गुण मिळाल्याचे दाखवून त्यांनी यावरून गुणवत्तेतील अंतराचे प्रमाणच मांडले. गुण म्हणजेच गुणवत्ता हे समीकरण तोपर्यंत किती रूढ झाले होते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही पदवी सर्वपरिचित झाली, ती मुख्यतः रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) यांच्यामुळे. १८९९ मध्ये ते या परीक्षेत दुसऱ्या एका उमेदवाराबरोबर संयुक्तपणे पहिले आले. मात्र ज्या क्रमवार यादीमुळे हा मान मिळत असे, ती यादीच पुढे दहा वर्षांनी बंद झाली. १९०९ नंतर केंब्रिजने उमेदवारांचे केवळ वर्ग जाहीर करण्यास सुरुवात केली. क्रमांकासाठी चालणाऱ्या तयारीमुळे गणिताच्या खऱ्या अध्ययनाची हानी होते, असा आक्षेप त्या बदलामागे होता.

अमेरिकेतील दैनंदिन गुण : येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स (१७२७–९५) यांनी १७८५ मध्ये परीक्षिलेल्या ५८ विद्यार्थ्यांची चार वर्गांत विभागणी करून ती आपल्या रोजनिशीत नोंदविली. त्यांत सर्वोत्तम २०, द्वितीय १६, त्याखालील १२ व निकृष्ट १० होते. इंग्लंडमध्ये अखेरच्या परीक्षेवर भर राहिला, तर अमेरिकेत रोजच्या पाठास गुण देण्याची प्रथा वाढली. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत सिल्व्हेनस थेअर (१७८५–१८७२) यांच्या कारकीर्दीत (१८१७–३३) छात्रांच्या दररोजच्या पाठांना गुण देण्यात येत व त्यांवरून गुणानुक्रम लागे. वर्तणुकीचाही त्यात विचार होई. हार्व्हर्डमध्ये जोसाया क्विन्सी (१७७२–१८६४) हे अध्यक्ष असताना दररोजच्या पाठास जास्तीत जास्त ८ गुण देण्यात येत आणि गैरहजेरी किंवा गैरवर्तन यांबद्दल गुण कापले जात. वर्गकार्यास अंतिम निकालात स्थान देण्याची आजची पद्धत या परंपरेतून विकसित झाली. पाठाचे ज्ञान व वर्तणूक यांची एकाच संख्येत सरमिसळ होऊ लागली, तीही तेव्हापासूनच. उशिरा दिलेल्या स्वाध्यायाचे गुण कापणे, हे तिचेच आजचे रूप होय.

अक्षरश्रेणींचे एक प्रारंभीचे कोष्टक मौंट होल्योक महाविद्यालयाने १८९७ मध्ये स्वीकारले. त्यात ९५ ते १०० गुणांना ‘ए’, ८५ ते ९४ ना ‘बी’, ७६ ते ८४ ना ‘सी’, नेमक्या ७५ ना ‘डी’ आणि त्याखाली ‘ई’ म्हणजे अनुत्तीर्ण, अशी योजना होती. याच काळात चार्ल्स एलियट (अध्यक्ष, १८६९–१९०९) यांनी हार्व्हर्डमध्ये ऐच्छिक विषयांची पद्धत रुजविली. प्रत्येक विद्यार्थ्याचे विषय वेगळे झाल्याने सर्वांच्या गुणांची सरळ बेरीज करणे निरर्थक ठरले. विषयाच्या अध्यापनतासांवरून त्यास श्रेयांक देणे आणि श्रेयांकांच्या भाराने श्रेणींची सरासरी काढणे, हा त्यावरील उपाय ठरला.

भाराचे राजकारण : गुणभाराचा प्रश्न भारतीयांच्या जीवनास थेट भिडला, तो भारतीय सनदी सेवेच्या स्पर्धापरीक्षेमुळे. १८५४ मध्ये टॉमस मेकॉले (१८००–५९) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या परीक्षेची रूपरेषा आखली. तिने सुचविलेल्या एकूण ६,८७५ गुणांपैकी इंग्रजी भाषा, वाङ्‌मय व इतिहास यांना १,५००, गणितास १,०००, ग्रीक व लॅटिन यांना प्रत्येकी ७५०, नैसर्गिक शास्त्रे व नैतिक शास्त्रे यांना प्रत्येकी ५०० आणि फ्रेंच, जर्मन, इटालियन, संस्कृत व अरबी यांना प्रत्येकी ३७५ गुण होते. परीक्षा सर्वांस खुली होती आणि प्रश्नपत्रिका सर्वांस सारख्याच होत्या. तथापि ज्या देशाचा कारभार पाहावयाचा, त्या देशाच्या अभिजात भाषेस ग्रीक वा लॅटिनच्या निम्माच भार असल्याने इंग्लंडमधील विद्यालयांत शिकलेल्या उमेदवारास परीक्षेपूर्वीच मोठा लाभ मिळे. पुढे संस्कृत व अरबी यांचे गुण वाढविण्यात आले. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर (१८४२–१९२३) हे या परीक्षेत यशस्वी झालेले पहिले भारतीय होत. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यानंतर लवकरच या दोन भाषांचे गुण पुन्हा कमी करण्यात आले आणि त्याविरुद्ध भारतीयांनी तक्रारी केल्या. एकाही उत्तराची तपासणी न बदलता केवळ भार बदलून निकाल बदलता येतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

एजवर्थ व नंतरचे संशोधन : गुणांच्या विश्वसनीयतेचा शास्त्रीय विचार प्रथम फ्रान्सिस एजवर्थ (१८४५–१९२६) या अर्थशास्त्रज्ञांनी केला. १८८८ व १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी परीक्षेतील गुण हे एक प्रकारचे मापन असून प्रत्येक मापनाप्रमाणे त्यातही त्रुटी असते, असे प्रतिपादिले आणि स्पर्धापरीक्षांतील यशात यदृच्छेचा वाटा किती, याचा अंदाज संभाव्यताशास्त्राच्या साहाय्याने मांडला. अमेरिकेत डॅनियल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेस ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले. गणितात असे होणार नाही, या आक्षेपास उत्तर म्हणून पुढील वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका तपासून घेतली. तिचे गुण तर ३० हून कमी ते ९० हून अधिक एवढ्या पल्ल्यात विखुरले. इंग्लंडमध्ये फिलिप हार्टॉग व ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडे वर्षाहून अधिक काळाने पुन्हा दिल्या. अशा २१० तपासण्यांपैकी ९२ बाबतींत परीक्षकाचा स्वतःचाच पहिला निर्णय बदलला.

या संशोधनाचा भारांकनाशी निकटचा संबंध आहे. एकाच परीक्षेवर सर्व भार टाकला, तर तिच्यातील त्रुटी संपूर्णपणे निकालात उतरते. तोच भार अनेक स्वतंत्र घटकांवर विभागल्यास त्यांतील त्रुटी काही प्रमाणात परस्परांचा छेद देतात. सत्रकार्यास भार देण्यामागील गणिती समर्थन हे आहे.

नाममात्र भार व प्रत्यक्ष भार : नियमपुस्तिकेत लिहिलेला भार आणि निकालावर प्रत्यक्ष पडणारा भार हे एकच नसतात. एखाद्या घटकाचा प्रत्यक्ष भार त्यातील गुण किती विखुरलेले आहेत, म्हणजे त्यांचे प्रमाण विचलन किती, यावर आणि इतर घटकांशी त्यांचा सहसंबंध किती, यावरही अवलंबून असतो. समजा, अंतर्गत मूल्यमापनास ४० व लेखी परीक्षेस ६० गुण आहेत. एका महाविद्यालयात सर्वांचे अंतर्गत गुण ३४ ते ३७ च्या दरम्यान आहेत आणि लेखी परीक्षेतील गुण १५ ते ५० पर्यंत पसरलेले आहेत. अशा वर्गातील क्रम जवळजवळ सर्वस्वी लेखी परीक्षेवरच लागतो. अंतर्गत मूल्यमापनाचे ४० गुण केवळ कागदावर राहतात. दुसऱ्या एका महाविद्यालयातील शिक्षक काटेकोर असून तेथे अंतर्गत गुण २४ ते २७ आहेत असे समजू. आता दोन्ही महाविद्यालयांतील विद्यार्थी एकाच यादीत आणले, तर लेखी परीक्षेत सारखेच गुण मिळविलेल्या दोघांत सुमारे दहा गुणांचे अंतर पडते. अर्थात वर्गामध्ये निष्प्रभ ठरलेले अंतर्गत गुण महाविद्यालया-महाविद्यालयांमध्ये मात्र निर्णायक ठरतात. उदार शिक्षकाच्या विद्यार्थ्यांस लाभ होतो व प्रामाणिकपणे तपासणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी त्याची किंमत मोजतात.

यावर गुणांचे प्रमाणीकरण हा उपाय सुचविला जातो. प्रत्येक घटकाचे गुण समान मध्य व समान प्रमाण विचलन यांच्या मापावर आणून नंतर भार लावल्यास घटकांच्या विखुरणीतील भेदाचा परिणाम दूर होतो. मात्र दोन वर्गांची गुणवत्ता खरोखरच भिन्न असल्यास, प्रत्येक वर्गाचे स्वतंत्र प्रमाणीकरण त्या भेदासही पुसून टाकते. सॅम्युएल विल्क्स यांनी १९३८ मध्ये असे दाखविले, की घटक परस्परांशी धन सहसंबंधित असून त्यांची संख्या मोठी असेल, तर धन भारांत फेरफार केल्याने अंतिम क्रमात फारसा फरक पडत नाही. रॉबिन डॉझ यांच्या १९७९ च्या निबंधानेही समान भाराची साधी बेरीज अनेक बाबतींत पुरेशी ठरते, या मतास पुष्टी दिली. तात्पर्य, दोन-तीनच घटक असतील तेथे भार फार काळजीपूर्वक ठरविले पाहिजेत. घटक अनेक असतील, तेथे भाराच्या सूक्ष्म आकड्यांपेक्षा प्रत्येक घटकाची तपासणी नीट होणे अधिक महत्त्वाचे असते.

भारतातील वाटचाल : १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. अध्यापन महाविद्यालयांनी करावे व परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, अशी श्रमविभागणी त्यांत होती. त्यामुळे शिकविणाऱ्याच्या मतास निकालात स्थान उरले नाही आणि वार्षिक परीक्षेचा भार शंभर टक्के झाला. अध्यापन परीक्षेच्या अधीन झाले आहे, हा दोष १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने स्पष्टपणे नोंदविला होता. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) परीक्षासुधारणेस सर्वोच्च अग्रक्रम दिला आणि प्रत्येक विषयाचे एक-तृतीयांश गुण वर्षभरातील कामासाठी राखून ठेवावेत, अशी शिफारस केली. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) संख्यात्मक गुणांऐवजी पाच श्रेणी वापराव्यात, असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय पातळीवर अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. तथापि त्याचे गुण बाह्य परीक्षेच्या गुणांत न मिळविता प्रमाणपत्रावर वेगळे दाखवावेत, असे म्हटले. वर वर्णिलेल्या महाविद्यालयांच्या उदाहरणावरून या शिफारशीचे मर्म लक्षात येते. ज्या दोन मापांचे एकक सारखे आहे याची खात्री नाही, त्यांची बेरीज करण्यापेक्षा ती शेजारी-शेजारी ठेवणेच अधिक प्रामाणिकपणाचे होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ मध्ये परीक्षासुधारणेचा कृती आराखडा मांडला. सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापन, प्रश्नपेढी व श्रेणीपद्धती हे त्याचे प्रमुख घटक होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही गुणांऐवजी श्रेणी वापरण्याचा पुरस्कार केला. जी तंत्रशिक्षण संस्थांसारखी अध्यापन करणारी व पदवी देणारी अशी एकच यंत्रणा होती, तेथे ही पद्धत लवकर रुजली. शेकडो महाविद्यालयांस संलग्न करून घेणाऱ्या विद्यापीठांत मात्र शिक्षकांच्या गुणांवरील अविश्वासामुळे तिची गती मंद राहिली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये सुरू केलेल्या सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनास ४० व संकलित मूल्यमापनास ६० टक्के भार होता. २०१७-१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत १० गुणांकांची श्रेणीपद्धती देण्यात आली. तीनुसार एखाद्या विद्यार्थ्यास चार श्रेयांकांच्या विषयात ८, तीन श्रेयांकांच्या दोन विषयांत ७ व ६ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात १० गुणांक मिळाले, तर गुणाकारांची बेरीज ९१ होते व तीस १२ श्रेयांकांनी भागता सत्राची सरासरी सुमारे ७·५८ येते.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव या विषयावर विशेष प्रकाश टाकणारा आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण नव्हते. त्या वर्षी अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही बदललेले होते. निकाल २०१८ मधील ८९·४१ टक्क्यांवरून ७७·१० टक्क्यांवर आला आणि पुढील वर्षापासून अंतर्गत गुण पुन्हा देण्यात आले. २०२१ मध्ये महासाथीमुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, तेव्हा नववीच्या निकालास ५०, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनास ३० आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक कामास २० असा भार देऊन निकाल लावण्यात आला. तो ९९·९५ टक्के लागला. त्याच वर्षी केंद्रीय मंडळाने बारावीसाठी दहावी, अकरावी व बारावी यांना ३०, ३० व ४० असा भार दिला आणि शाळेने दिलेल्या गुणांची तिच्या आधीच्या तीन वर्षांतील सर्वोत्तम निकालाशी सांगड घालण्याची अट घातली. शाळांच्या उदारपणास त्यामुळे आळा बसला; परंतु ज्या शाळेचे पूर्वीचे निकाल सामान्य होते, तेथील हुशार विद्यार्थ्यास त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या कामगिरीची मर्यादा सोसावी लागण्याचा संभवही त्यातच होता.

मर्यादा : भारित गुणांकनाने अनेक प्रकारचे काम एका संख्येत आणता येते, पण त्याच वेळी बरेच काही झाकलेही जाते. ज्याने सर्व स्वाध्याय मध्यम प्रतीचे केले तो आणि ज्याने अर्धे उत्तम करून उरलेले दिलेच नाहीत तो, यांची सरासरी सारखी येऊ शकते. पाच स्वाध्यायांपैकी चारांत ८० गुण असून एकात शून्य असल्यास सरासरी ६४ वर येते. त्या शून्याने विद्यार्थ्याचे अज्ञान दाखविले, आजारपण दाखविले की निष्काळजीपणा, हे संख्येवरून कळत नाही. श्रेणींच्या सीमारेषेवर एका गुणाच्या अंतराने श्रेणी बदलते, तर एकाच श्रेणीत नऊ गुणांचे अंतर दिसेनासे होते. म्हणून घटकांचे भार अभ्यासक्रमाच्या आरंभीच विद्यार्थ्यांना कळविणे, ते मध्येच न बदलणे, प्रत्येक घटकाचे गुण अंतिम श्रेणीबरोबर स्वतंत्रपणेही दाखविणे आणि अंतर्गत व बाह्य गुणांतील तफावतीची वेळोवेळी तपासणी करणे, या गोष्टी आवश्यक ठरतात. भार हा गणिताचा विषय वाटला, तरी कोणत्या प्रकारचे श्रम मोलाचे मानावयाचे, याविषयी शिक्षणसंस्थेने दिलेला तो निर्णय असतो. गणित त्या निर्णयाची अंमलबजावणी तेवढी करते. त्याचे समर्थन संस्थेलाच करावे लागते.